चाकांवरच्या घराचा जमाखर्च

रविवारी रात्री साडेआठला आमच्या घरातला टीव्ही बंद होतो. ती वेळ आक्काच्या फोनची. अमेरिकेत ओहायोमध्ये तेव्हा सकाळचे दहा-अकरा वाजलेले असतात. आई आधीच खुर्ची ओढून बसलेली असते. पंच्याऐंशी वय झालं, ऐकू कमी येतं, पण आक्काचा आवाज तिला बरोबर ऐकू येतो.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी आक्का म्हणाली, "आई, आम्ही घर विकायचं ठरवलंय. आता गाडीतच राहणार."

आई थोडा वेळ गप्प बसली. मग हळूच तिनं विचारलं, "कर्ज झालंय काय गं?"

आक्का खूप हसली. मला मात्र हसू आलं नाही, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. राहतं घर माणूस विकतो तो अडचणीत आल्यावर, हेच आपण बघत आलोय. ‘घर पाहावं बांधून’ म्हणणारी आपली माणसं, आणि शेजारी ‘मने कट्टी नोडु’ म्हणणारी कन्नड माणसंही तशीच. घर बांधायचं, त्याचे हप्ते फेडायचे आणि त्यातच म्हातारं व्हायचं, हा आपल्या दोन्ही भाषांतला संसार. बांधलेलं घर विकून रस्त्याला लागायचं, हे कुठल्या हिशेबात बसवायचं?

हळूहळू कळलं ते असं. तिकडं ज्याला आरव्ही म्हणतात, म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल, ते चाकांवरचं घरच असतं. काही बससारख्या स्वतः चालतात, काही मागं जोडून ओढायच्या असतात. आक्का-भावजींनी घेतली ती ओढायची. पिकअप ट्रकच्या हौद्यात तिचा पुढचा भाग अडकवतात. आत पलंग, ओटा, फ्रिज, न्हाणी, संडास, सगळं. सुट्टीपुरत्या अशा गाड्या वापरणारे पुष्कळ, पण निवृत्तीनंतर बारा महिने त्यातच राहणारेही तिकडं बरेच आहेत. थंडीत दक्षिणेला, उन्हाळ्यात उत्तरेला.

भावजींचं म्हणणं साधं होतं. "१९८८ ला इथं आलो. ऑफिस, दुकान आणि देऊळ सोडून या देशात मी काय बघितलं?" मुलगा एका टोकाला, मुलगी दुसऱ्या टोकाला. चार खोल्यांचं घर, त्याचा कर, छपराची दुरुस्ती, हिवाळ्यात दारातला बर्फ उपसणं. हे सगळं दोन माणसांसाठी.

वाटणीच्या कागदावर आपल्याकडं ‘स्थावर आणि जंगम’ असं लिहितात. बाराव्या शतकात बसवेश्वर आणि त्यांच्या शरणांनी स्थावरापेक्षा जंगमाला मोठं मानलं, हे मी वर्गात सांगते. पण स्वतःच्या बहिणीचं घर जंगम होणार म्हटल्यावर माझ्यातली मास्तरीण गप्प झाली. उरली ती फक्त वही लिहिणारी बाई.

कारण मी अर्थशास्त्र शिकवते आणि घरचा जमाखर्च रोज लिहिते. ही सवय आईची. म्हणून आक्कानं ते काम माझ्यावर सोपवलं. "तू तपासून दे. भावजी तुझे हिशेबाच्या बाबतीत फार आशावादी आहेत."

त्यांनी एक गोष्ट फार शहाणपणाची केली. घर लगेच विकलं नाही. आक्का पुढच्या वर्षी पासष्टची होईल, तेव्हा तिला मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा लागू होईल. भावजींना तो आधीच आहे. तोपर्यंत घरात राहूनच गाडीतल्या खर्चात जगून बघायचं, असं ठरलं. जानेवारीपासून त्यांनी महिन्याला ४,१०० डॉलरची मर्यादा घालून घेतली. घराचा कर आणि हीटरचं बिल त्याच्या बाहेर. गाडीच्या तळाचं भाडं अजून द्यावं लागत नाही, पण ते द्यावं लागतंय असं समजून तेवढी रक्कम दर एक तारखेला वेगळ्या खात्यात टाकायची. डिझेलचंही तसंच. त्यामुळं दोन गोष्टी होतात. उरलेल्या पैशात भागतं की नाही ते कळतं, आणि वर्षभरात अडीनडीची शिल्लक आपोआप तयार होते. नवीन घराचा हप्ता सुरू होण्याआधी आपल्याकडच्या तरुण जोडप्यांनीही हे करून बघावं. तीन महिने हप्त्याएवढे पैसे बाजूला टाकून जगता आलं, तरच कर्जाच्या कागदावर सही करावी.

गाडीही नवी घेतली नाही. चार वर्षं वापरलेली, रोख पैसे देऊन घेतली. घराची किंमत सहसा वाढते. गाडी दुकानातून बाहेर काढली की तिची किंमत उतरायलाच लागते. कर्ज काढून उतरती वस्तू घ्यायची म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

मला वाटलं होतं, घर नाही म्हणजे खर्च नाही. तसं काही नसतं. गाडी उभी करायला जागा लागते. पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेला तळ रोजच्या दरानं घेतला तर महाग पडतो, महिन्याच्या दरानं स्वस्त. महिन्याच्या दरात विजेचं बिल बऱ्याचदा वेगळं. केंद्र सरकारच्या मोकळ्या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत फुकट राहता येतं, पण तिथं ना नळ ना वीज. टाकीतलं पाणी पुरवून वापरायचं आणि सांडपाण्याची टाकी भरली की ती रिकामी करायला ठरलेल्या जागी जायचं. बासष्टच्या पुढच्यांना ८० डॉलरमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आयुष्यभराचा पास मिळतो, आणि उद्यानांतल्या बऱ्याच तळांवर निम्मं भाडं पडतं. तो आक्कानं केव्हाच काढून ठेवलाय.

डिझेलचं तर विचारू नका. एवढं घर ओढायचं म्हटल्यावर गॅलनला दहा मैलांच्या आसपास. आपल्या भाषेत लिटरला जेमतेम सव्वाचार किलोमीटर. टायर झिजले नाहीत तरी काही वर्षांनी बदलावेच लागतात, कारण रबर जुनं होतं. छपराचे सांधे दरवर्षी तपासायचे, नाहीतर पाणी आत शिरतं. कायम राहणाऱ्यांचा गाडीविमा वेगळा, साध्या सुट्टीच्या विम्याहून महाग. गाडी दुरुस्तीला गेली की घरच दुरुस्तीला गेलं, मग तेवढे दिवस लॉजचं भाडं. आणि राहायला गाव नाही, तर पत्ता कुठला द्यायचा? टपाल, लायसन, मतदान, कर, सगळ्याला पत्ता लागतो. त्यासाठी असे लोक टेक्सास, फ्लोरिडा किंवा साऊथ डाकोटात टपाल सांभाळणाऱ्या संस्थेचा पत्ता घेतात. त्या तिन्ही राज्यांत राज्याचा प्राप्तिकर नाही.

मार्चमध्ये ते पंधरा दिवस केंटकीला, मॅमथ केव्ह राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला राहून आले. पहिल्याच दिवशी भावजींनी सांडपाण्याची नळी नीट बसवली नाही. पुढं काय झालं ते कौटुंबिक पानावर लिहिण्यासारखं नाही.

परत आल्यावर आक्कानं महिन्याच्या हिशेबाचा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मी लाल पेन घेऊन बसले. तळाचं भाडं ९००. डिझेल ४५०. किराणा ६५०. मेडिकेअरचे हप्ते, पूरक विमा आणि औषधं ८५०. गाड्यांचा विमा २८०. दुरुस्ती आणि टायर ३००. फोन-इंटरनेट १८०. गॅस आणि कपडे धुणं ९०. किरकोळ २००. सामानाच्या खोलीचं भाडं १७०. आणि शेवटची ओळ: बेळगाव, २५०.

बेरीज ४,३२०. मर्यादेच्या वर २२०. आणि शेवटच्या ओळीपुढं आक्कानं एक प्रश्नचिन्ह काढलं होतं.

बेळगाव म्हणजे आई. आईजवळ दिवसभर असणाऱ्या मावशींचा पगार आणि औषधं त्यातून भागतात. १९९१ पासून आक्काचे पैसे एकही महिना चुकलेले नाहीत. माझं धारवाडचं एम. ए. त्याच पैशांवर झालं. प्रश्नचिन्हाची ती ओळ काढली, की बेरीज ४,०७० होते. बरोबर मर्यादेत. म्हणजे आक्कानं ते करून बघितलं असणार, हे मला दिसत होतं.

मला फार वाईट वाटलं, हे कबूल करायला हवं. डोंगर बघायला पैसे आहेत आणि आईला नाहीत? दोन रविवार मी फोनवर तुटक बोलले. ‘कागद बघते, परीक्षा चालू आहेत’ म्हणून सांगितलं. मनातल्या मनात मात्र भांडत होते.

त्या दिवसांत कॉलेजला जाताना रस्त्यात ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडं परत निघालेल्या दिसायच्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, झोपडीचे बांबू, त्यावर पोरं आणि एखादी शेळी. कुणी बीडकडचे, कुणी विजापूरकडचे. त्यांचंही घर चाकांवरच. पण ते निघतात ती आधी घेतलेली उचल फेडायला. अमेरिकेतही सगळेच हौसेनं निघत नाहीत. २००८ च्या मंदीनंतर घर गमावून गाडीत राहायला लागलेल्या वयस्कर माणसांवर जेसिका ब्रूडर यांनी २०१७ साली पुस्तक लिहिलं, त्यावरच्या ‘नोमॅडलँड’ या चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळालं. तो मी बघितला होता. त्यातल्या बाईंच्या जागी मला आक्का दिसायला लागली. राग होता, पण रागाखाली भीती होती. उद्या यातल्या एकाचा गुडघा गेला, नजर गेली, तर हे गाडी चालवणार कसे आणि परतणार कुठं?

माझं तोंड बघून आईनं ओळखलं. "काय लपवतीस?" मी सांगणार नव्हते, पण सांगून टाकलं. मावशी बाजूला भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अव्वा, हासिगे इद्दष्टु कालु चाचु." अंथरूण पाहून पाय पसरावेत, हेच. आई मावशींशी मराठीत बोलते, मावशी आईशी कन्नडमध्ये. गेली सहा वर्षं दोघींचं काही अडलेलं नाही. पण मावशींनी हे कुणाला सुनावलं, आक्काला की मला, ते मला कळलं नाही. पगाराचा विषय त्यांच्यापुढं निघाला, याची लाजही वाटली.

आई म्हणाली, "माझं राहू दे. तिच्या कागदात ‘परत’ आहे काय बघ."

‘परत’ म्हणजे काय, ते मला सांगावं लागलं नाही. शहापूरच्या भाड्याच्या घरात आमच्या फळीवर आईचे डबे असायचे. बाबांचा पगार झाला की त्याच दिवशी पैसे डब्यांत पडायचे: दूध, दळण, दुकान, फी, औषध. शेवटी तपकिरीची एक रिकामी डबी. तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं, ‘परत’. त्या डबीतल्या पैशाला कुणीही, कधीही हात लावायचा नाही. फीला दोन रुपये कमी पडले तरी नाही.

ती डबी का आली, ते त्या दिवशी आईनं पहिल्यांदा नीट सांगितलं. माझ्या जन्माआधीची गोष्ट. महिन्याची सव्वीस तारीख. चंदगडकडच्या माहेराहून निरोप आला, आजी फार आजारी आहे. घरात बसभाड्याचे पैसे नव्हते. बाबा कामावर. शेजारणीकडून पैसे मिळेपर्यंत शेवटची गाडी गेली. दुसऱ्या दिवशी आई पोचली, तेव्हा सगळं आटोपलं होतं. "लांब नव्हतं गं," आई म्हणाली. "एवढंसं भाडं. तेवढे नव्हते." त्यानंतर डबी झाली. घर किती मोठं, ते महत्त्वाचं नाही. जिथं जायला लागेल तिथं जाण्याचे पैसे घरात पाहिजेत, एवढंच तिचं अर्थशास्त्र.

मी कागद पुन्हा काढला. अकरा ओळींत ‘परत’ नव्हतं. गाडी थांबवावी लागली तर लागणारे पैसे नव्हते. भारताचं अचानक काढावं लागणारं तिकीट नव्हतं. चाकांवर राहायला निघालेल्या माणसाच्या हिशेबात थांबण्याचा खर्चच धरलेला नव्हता. आणि मी, अर्थशास्त्राची मास्तरीण, दोन आठवडे त्यातली एकच ओळ बघत बसले होते.

त्या रविवारी मी आक्काला सरळ विचारलं, "बेळगावपुढं प्रश्नचिन्ह का?"

ती पण सरळ बोलली. "बंद करायचं मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू. तू कमावतीस, तुझ्या घरात दोन पगार आहेत. इतक्या वर्षांत ‘आक्का, आता निम्मं मी बघते’ असं तू कधी म्हणाली नाहीस. मला विचारायला जमेना, म्हणून प्रश्नचिन्ह घातलं."

मी गप्प झाले. खरं होतं ते. माझ्या वहीत दूधवाल्यापासून पेट्रोलपर्यंत सगळं असतं. आईचा खर्च नाही, कारण तो ‘अमेरिकेतून येतो’. जो खर्च आपल्या वहीत येत नाही, तो कुणाच्या तरी वहीत असतोच, हे मला सुचायला पाहिजे होतं.

मग आम्ही दोघी पुन्हा कागद घेऊन बसलो. पहिली ओळ मी धरली ती सामानाच्या खोलीची. घर विकल्यावर जेवणाचं टेबल, सोफा, काचेची भांडी, मुलांच्या शाळेच्या पेट्या ठेवायला भाड्याची खोली. महिन्याला १७०, म्हणजे वर्षाला २,०४०. "आक्का, या टेबलाला विकून किती येतील?" ती म्हणाली, "दोनशे आले तरी पुष्कळ." वस्तूंना राहायला भाडं द्यायचं आणि आपण रस्त्यावर राहायचं, हे मांडून दाखवल्यावर तिलाच हसू आलं. पण पुढचे दोन महिने तिचे वाईट गेले. मुलांनी दोन पेट्या नेल्या, बाकी नको म्हणाले. टेबल एका नव्यानं आलेल्या कुटुंबाला दिलं. बेळगावहून नेलेला पाटा-वरवंटा शेवटपर्यंत सुटत नव्हता. पण गाडीला वजनाची मर्यादा असते, पाण्याच्या टाकीचंही वजन त्यातच धरायचं. पाटा एका मैत्रिणीच्या परसात गेला. पितळी खलबत्ता गाडीत राहिला.

दुसरी ओळ डिझेल. दर आठवड्याला मुक्काम हलवायचा बेत होता. एका ठिकाणी महिना काढायचा ठरवल्यावर ४५० चे ३०० झाले. भावजी थोडे नाराज झाले, पण महिनाभर राहिलं तर गाव कळतं, हे त्यांना पटलं.

तिसरी ओळ बेळगाव. ती निम्मी झाली, १२५. राहिलेली निम्मी माझ्या वहीत आली. आमच्या घरी त्यावर थोडी चर्चा झाली. गाडी बदलायचा विचार दोन वर्षं पुढं ढकलला. मावशींचा पगार एक रुपयानं कमी झाला नाही, आणि हे त्यांना आईनंच पहिल्यांदा सांगितलं.

सगळं धरून बेरीज ३,८७५ आली. ४,१०० ला २२५ कमी. त्या २२५ ची आक्कानं नवी ओळ लिहिली आणि नाव दिलं ‘परत’. शिवाय घर विकून येणाऱ्या पैशातली ठरावीक रक्कम, पुढं कधी गाडी थांबवून छोटं घर घ्यावं लागलं तर, म्हणून वेगळी ठेवायची. त्याला हात लावायचा नाही. फीला कमी पडले तरी नाही, असं मी म्हटलं, तेव्हा ती पलीकडून काही बोलली नाही. तिलाही ती फळी दिसली असणार.

माझी भीती गेली असं नाही. आई पंच्याऐंशीची, भावजी सहासष्टचे, आणि ओहायोतला तो पत्ता, जो मी शाळेत असल्यापासून पाकिटांवर लिहीत आले, तो पुढच्या वर्षी नसेल. पण बहिणीशी पैशाबद्दल मोकळं बोलायला मला एकोणपन्नास वर्षं लागली, आणि ते तिच्या चाकांवरच्या घरामुळं झालं. भावंडांत पैशाचा विषय काढू नये म्हणतात. काढावा. प्रश्नचिन्ह घालून ठेवू नये.

गेल्या रविवारी आक्कानं आईला सांगितलं, "आई, ‘परत’ चालू केलंय. दर महिन्याला टाकते."

आईनं विचारलं, "डबी कुठं ठेवलीस?"

"डबी कसली? बँकेत आहेत."

"बँक रात्री बंद असते," आई म्हणाली. "थोडे हाताशी ठेव."